गिधाडांची शिरगणती

भारतात खास गिधाडांची पद्धतशीर मोजदाद सुरू झाली ती गिधाडे संपत आल्यावर. त्याआधी ती मुद्दाम मोजावीत असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते. १९८०च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगात बहुधा सर्वाधिक संख्येने आढळणारा मोठा शिकारी पक्षी मानला जाई. (तो शिकार करत नाही, पण पक्षिशास्त्रात त्याची गणना गरुड-घारींबरोबरच होते.) मेलेले ढोर गावाबाहेर पडले की तासाभरात त्याची हाडे तेवढी उरत. विमानतळांच्या आसपास तर गिधाड ही पीडाच होती. विमानाशी टक्कर होण्याच्या भीतीने ती कमी कशी करता येतील, याचाच विचार तिथे चाले.

ही विपुलता निसर्गाने आपोआप दिलेली नव्हती. ज्या देशात गुरे कोट्यवधी आणि गोमांस खाणारे थोडे, तिथे मेलेली जनावरे उघड्यावरच टाकली जात आणि गिधाडांना बारमाही अन्न मिळे. महाराष्ट्रात ढोर ओढून नेण्याचे, सोलण्याचे काम जातीने लादलेले होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले, ते याच व्यवस्थेवर बोट ठेवून. गिधाडांचा इतिहास सांगताना ही बाजू सहसा वगळली जाते. वास्तविक या पक्ष्याचे पोट त्याच व्यवस्थेवर भरत होते.

ऱ्हास लक्षात आला तो एका जुन्या नोंदीमुळे. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश १९८०च्या दशकात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. त्या अभ्यासात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी बांधणारी ३५३ जोडपी नोंदली गेली. १९९०च्या दशकात ते पुन्हा तिथे गेले, तेव्हा बरीच झाडे रिकामी होती. जी गिधाडे उरली होती, त्यांपैकी काही मान छातीपाशी लोंबकळत सोडून तासन्‌तास फांदीवर बसलेली दिसत आणि काही दिवसांनी खाली पडलेली आढळत. १९९९पर्यंत २० जोडपी उरली, २००३मध्ये एकही नाही. पहिली मोजणी झालीच नसती, तर ‘पूर्वी पुष्कळ असायची’ एवढेच म्हणता आले असते.

भरतपूरची गोष्ट एकट्या भरतपूरची आहे की देशाची, हे ठरवण्यासाठीही जुनी मोजणी हाताशी होती. १९९०च्या दशकाच्या आरंभी सोसायटीने मोटारीतून देशभर फिरून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसणारे शिकारी पक्षी टिपले होते. २०००मध्ये त्याच रस्त्यांवरून पुन्हा गाडी फिरली. घट ९२ टक्क्यांहून अधिक भरली. २००७च्या फेरीत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घट ९९.९ टक्के निघाली, म्हणजे आधी हजार दिसत होती तिथे एक. या पद्धतीतून कल कळतो, एकूण आकडा नाही. शिवाय संख्या फार खाली गेल्यावर एखादा थवा दिसला की नाही, यावर निष्कर्ष हेलकावे खातो. तरीही तेच रस्ते आणि तीच पद्धत पुन्हा वापरल्याने आकड्यांची तुलना करता आली.

कारण मात्र मोजणीतून कळत नव्हते. विषाणूचा आणि कीटकनाशकांचा संशय घेतला गेला. उत्तर आले ते पाकिस्तानच्या पंजाबमधून. तिथल्या वसाहतींमध्ये मेलेल्या गिधाडांचे शवविच्छेदन केले, तेव्हा यकृत-हृदयावर खडूच्या लेपासारखा पांढरा थर दिसला. तो होता युरिक आम्ल. मूत्रपिंडे बंद पडल्याने ते शरीरात साचले होते. मग संशोधक लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला: गिधाडे जी गुरे खातात, त्यांना कोणती औषधे दिली जातात आणि त्यांतले कोणते मूत्रपिंडाला घातक आहे? उत्तर होते डायक्लोफेनॅक, माणसांच्या सांधेदुखीवरचे स्वस्त औषध, जे लंगडणाऱ्या बैलाला आणि कासदाह झालेल्या गाईलाही टोचले जात होते. युरिक आम्ल साचून मेलेल्या २५ गिधाडांच्या मूत्रपिंडांत ते सापडले. इतर कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांत सापडले नाही. हे संशोधन २००४मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले.

औषधाचा अंश असलेली जनावरे फार असण्याचीही गरज नव्हती. गणिताने दाखवले, की शंभरातल्या एकाहून कमी मृत जनावरांत घातक मात्रा असली, तरी एवढी घट होते. गिधाड पाचेक वर्षांनी वयात येते आणि वर्षाला एकच अंडे घालते, म्हणून मरणारे प्रौढ पक्षी भरून निघत नाहीत. त्यातून एका ढोरावर कितीतरी गिधाडे तुटून पडतात.

मे २००६मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर बंदी घातली. त्याच सुमारास मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक औषध चाचण्यांतून पुढे आले. बंदी लागली तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यापर्यंत पोहोचतच राहिल्या. ती वाट अडवण्यासाठी २०१५मध्ये बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली गेली. पुढे गिधाडांना घातक असलेली आणखी औषधे जनावरांसाठी बंद झाली: केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक २०२३मध्ये, निमेसुलाइड २०२४च्या अखेरीस. एकेका औषधामागे वर्षे जात होती आणि तेवढ्यात पक्षी मरत होते. गिधाडे गेलेल्या उकिरड्यांवर भटकी कुत्री आली आणि त्यांच्याबरोबर रेबीजचा धोकाही. २०२४च्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने २०००–०५ या काळातील पाच लाख अतिरिक्त मानवी मृत्यूंचा संबंध या ऱ्हासाशी जोडला.

दुसरा मार्ग पिंजऱ्यातून गेला. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांसाठीचे केंद्र सुरू झाले आणि २००४पासून ते प्रजनन केंद्र म्हणून वाढले. पुढे पश्चिम बंगालमध्ये राजाभातखावा, आसाममध्ये राणी आणि भोपाळमध्ये वनविहार येथे अशीच केंद्रे उभी राहिली. दरम्यान मोकळ्या रानात उरलेल्या तीन जातींचा २०१५च्या मोजणीवरून केलेला अंदाज पांढऱ्या पाठीची सुमारे ६,०००, लांब चोचीची १२,००० आणि सडपातळ चोचीची जेमतेम १,००० गिधाडे असा होता.

महाराष्ट्रात लांब चोचीची गिधाडे अंजनेरीसारख्या कड्यांवर तग धरून राहिली. पांढऱ्या पाठीची रायगडमध्ये म्हसळा-श्रीवर्धनकडे माड आणि उंच झाडांवर घरटी करत राहिली. तिथे, नाशिक जिल्ह्यात आणि गडचिरोलीत स्थानिकांनी वनखात्याच्या साथीने ‘गिधाड उपाहारगृहे’ चालवली: औषधाचा अंश नसलेले मृत जनावर ठरलेल्या जागी टाकायचे आणि आलेले पक्षी मोजायचे.

जानेवारी २०२४मध्ये पिंजोरची काही गिधाडे ताडोबा आणि पेंच व्याघ्रप्रकल्पांत आणली गेली. तिथल्या मोठ्या पिंजऱ्यात महिनोन्‌महिने ठेवून, पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बांधून त्यांना सोडण्यात आले. त्यांतले काही पक्षी लवकरच मेले. ताडोबातून सुटलेले एक गिधाड मात्र राज्यांच्या सीमा ओलांडत तमिळनाडूपर्यंत गेले. त्याच्या मुक्कामाची नोंद दररोज केली जात होती.