ठराव सरकारचा, मोबाईल बापाचा

'वेड पांघरून पेडगावला जाणे' ही म्हण ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळाच. म्हणीतले पेडगाव बहुतेक जण भीमाकाठचे, श्रीगोंदा तालुक्यातले मानतात. आम्ही लिहितो आहोत ते परभणीजवळच्या, मनमाडच्या लोहमार्गावरच्या पेडगावाबद्दल. पण २०२० साली ज्यांनी वेड पांघरले त्यांना कुठलेच पेडगाव वर्ज्य नव्हते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मग 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी घोषणा आली. दीक्षा अ‍ॅप आले, व्हॉट्सअ‍ॅपवर गुरुजींच्या लिंक येऊ लागल्या, २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. हे सगळे वाईट होते असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न साधा आहे : लिंक कुणाच्या मोबाईलवर आली? वस्तीत मोबाईल असतो तो कमावत्या माणसाचा. तो सकाळी बापाच्या खिशातून कामावर जातो, ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या तळावर जातो. लेकरे आजीजवळ गावात, शाळा बापाच्या खिशात. संध्याकाळी फोन घरी आलाच, तर तीन भावंडे, एक फोन आणि संपत आलेला डेटा. त्यात पोरीचा नंबर शेवटचा.

सरकारला हे कळले नव्हते का? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत ग्रामीण भारतातल्या फक्त १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली होती, संगणक ४.४ टक्के घरांत. हे सरकारचेच आकडे, शाळा बंद होण्याआधीचे. पुढे 'असर' च्या २०२१ च्या पाहणीत स्मार्टफोन असलेली घरे ६७.६ टक्क्यांपर्यंत गेलेली दिसली, तेव्हा 'बघा, आता सगळ्यांकडे फोन आहे' म्हणणारे पुढे आले. त्याच पाहणीत असेही होते की फोन असलेल्या घरांतल्या २६ टक्के मुलांना तो हाताळायलाच मिळत नव्हता. हा दुसरा आकडा मात्र कुणी सांगत नाही.

आता आम्हाला इतिहासात जायचे आहे, कारण हा खेळ जुना आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, सरकारी शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही ठराव करून चवदार तळे खुले केले. कागदावर तळे खुले होते आणि प्रत्यक्षात एकाही अस्पृश्याला तिथे ओंजळ बुडवता येत नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब स्वतः तळ्यात उतरले, तेव्हा त्या ठरावाची किंमत किती होती ते जगाला दिसले. सत्याग्रहींना मार खावा लागला, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले.

त्याच्या अवघे आठ दिवस आधी, १२ मार्च १९२७ ला, बाबासाहेब मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलले होते. महाडच्या तेजात हे भाषण झाकोळले जाते, म्हणून आम्ही मुद्दाम आठवण देतो. पहिलीत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी १८ च चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, असा हिशेब त्यांनी मांडला. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्चते आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते, हेही दाखवले. लोकांकडून अबकारीत जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती.

आता तारखा बघा. महाराष्ट्रात दारूची दुकाने मे २०२० मध्ये उघडू लागली. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांना परवानगी मिळाली १ डिसेंबर २०२१ पासून. जानेवारी २०२२ मध्ये ते पुन्हा काही दिवस बंदच झाले. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या लेकराने वर्गाचे दार पाहिले ते दुसरीचे अर्धे वर्ष सरल्यावर. रोगाची भीती खरी होती, आमच्या वस्त्यांनीही माणसे गमावली. पण आधी काय उघडायचे याचा क्रम विषाणूने ठरवला नव्हता.

काही मित्र म्हणतील, सरकार प्रत्येकाला फोन कुठून देणार? शिक्षण हक्क कायद्याचे कलम ३ वाचा. प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यात आड येईल असा कोणताही खर्च मुलावर पडता कामा नये, असे ते सांगते. शिक्षणच फोनवरून द्यायचे ठरवल्यावर रिचार्ज हा खर्च नाही तर काय? दिल्ली उच्च न्यायालयाने १८ सप्टेंबर २०२० ला हाच अर्थ लावला आणि खासगी शाळांतल्या दुर्बल घटकांच्या मुलांना उपकरण व इंटरनेट पुरवा असे सांगितले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तोवर वर्ष सरत आले होते.

दार उघडले म्हणजे झाले, असे बाबासाहेबांनी कधी मानले नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले, कारण शाळेत नाव घातले तरी पोर राहणार कुठे आणि जेवणार काय, हा प्रश्न सुटल्याशिवाय प्रवेशाला अर्थ नव्हता. आमच्या मराठवाड्याची निजामाच्या राजवटीतून सुटका होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादेत मिलिंदचे महाविद्यालय उभे केले. तिथेही वसतिगृह आणि ग्रंथालय त्यांना तितकेच महत्त्वाचे वाटले. विनासाधनांचे शिक्षण म्हणजे फसवणूक, हे त्यांना ठाऊक होते.

पेडगावातल्या ज्या लेकरांनी ते दीड वर्ष घालवले, त्यांच्या वाचनाची तूट भरून काढायला समाजमंदिरात संध्याकाळी बसून आमच्यातल्याच पोरापोरींनी पाढे-बाराखडी घेतली. सतरंजी एक, पाटी स्वतःची. ते कौतुकाने सांगत नाही, ते काम जिल्हा परिषदेचे होते.

२०२० च्या जूनमध्ये पहिलीत गेलेली तुकडी मार्च २०३० मध्ये दहावीला बसेल. पहिलीच्या हजेरीपटावरची नावे आम्ही उतरवून ठेवली आहेत. १०० मागे किती पोचले, ते त्या वर्षी वस्तीनिहाय मोजू आणि १९२७ च्या आकड्याशेजारी मांडू.