नाण्याचं गाव

वरवट बकालहून पूर्णेच्या दिशेने चालायला लागा, पण आजच्या तारखेला नाही, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात. एसटीचा थांबा, कृषी केंद्राच्या पाट्या, ट्रॅक्टरचा आवाज, सगळं मागे राहू द्या. पाठीशी सातपुडा आहे तसाच आहे. पायाखालची काळी जमीनही तीच, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडणारी. खारपाण पट्ट्यातला माणूस पाण्यासाठी किती जीव टाकतो हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून नदीकाठी पोचल्यावर तुमची नजर आधी विहिरींवरच जाते. भाजक्या मातीची रुंद कडी एकावर एक रचून बांधलेल्या विहिरी. एक नाही, जागोजागी. पलीकडे विटांचा स्तूप, मौर्यांच्या काळातला. तुम्ही त्याच्यासमोर उभे राहता तेव्हाच तो कैक पिढ्यांचा जुना झालेला आहे. तुम्ही भोनला आला आहात. आज संग्रामपूर तालुक्यातलं एक खेडं, तेव्हा पूर्णेच्या उजव्या काठावरची भरगच्च वसाहत.

बाजारात शिरा. एका ओट्यावर तराजू घेऊन नाण्यांचा पारखी बसला आहे. अर्थशास्त्रात या माणसाला रूपदर्शक म्हटलं आहे. त्याच्यापुढच्या कापडावर चार-पाच प्रकारचा पैसा एकत्र पडलेला दिसेल. चांदीचे वेडेवाकडे कापलेले आहत, म्हणजे ठसे ठोकलेले तुकडे, इतके झिजलेले की त्यांच्यावरचा सूर्य आता नुसता डाग उरला आहे. साच्यात ओतलेली तांब्याची नाणी. उत्तरेकडून आलेल्या एखाद्या व्यापाऱ्याच्या गाठीतलं एक नाणं तो बोटाने बाजूला सारतो. ते उचला, उन्हात तिरकं धरा. ब्राह्मी अक्षरं उमटतात आणि त्यांतून राजाचं नाही, शहराचं नाव वाचता येतं: उज्जयिनी. एरण, त्रिपुरी, माहिष्मती यांनीही अशी आपल्या नावाची नाणी पाडली. राजा बदलला तरी शहर तेच राहतं, हे जणू त्यांना ठाऊक होतं.

मला नाण्यांच्या संग्रहातली हीच वाट सगळ्यांत श्रीमंत वाटते. राजावळीप्रमाणे नाणी लावणारे पुष्कळ आहेत. ग्रीक-रोमन नाण्यांचे काही संग्राहक मात्र टाकसाळीच्या शहराप्रमाणे लावतात, आणि मग पेटीचा खण म्हणजे नकाशा होतो. अथेन्सचं घुबड, इजायनाचं कासव, कॉरिंथचा पंखांचा घोडा, रोड्सचं गुलाब, एफिससची मधमाशी. ग्रीक शहर आपलं चिन्ह अभिमानाने नाण्यावर मिरवायचं. पुढे सम्राट डायोक्लेशनच्या काळापासून रोमन नाण्यांवर खालच्या पट्टीत शहराची आद्याक्षरंच कोरलेली असतात: अँटिओकसाठी एएनटी, अलेक्झांड्रियासाठी एएलई, सिस्कियासाठी एसआयएस. वाचा आणि त्या त्या खणात ठेवा.

पण भोनच्या पारख्याच्या कापडावर आणखी एक नाणं आहे, आणि ते असं सहज बोलत नाही. पोटीनचं, म्हणजे तांब्यात कथील-शिसं मिसळलेल्या धातूचं, करडं, लहानसं. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती आणि भोवती राजाचं नाव. दुसऱ्या बाजूला अधिकाच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळं. या खुणेला अभ्यासक उज्जयिनी चिन्ह म्हणतात, म्हणून ते उज्जैनला पाडलं असं धरू नका. सातवाहनांनी ही खूण दख्खनभर वापरली. हे नाणं वऱ्हाडाचं आहे. पण कोणत्या गावच्या भट्टीतलं, ते त्याच्या अंगावर कुठेच लिहिलेलं नाही.

ते हातात धरूनच पश्चिमेला चला, गोदावरीच्या खोऱ्यात. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कोरून ठेवलेला हिशोब वाचा. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, 2,000 कार्षापण ठेव, महिना दर शेकडा एक व्याज. वर्षाचे 240 झाले. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12. हिशोब चोख बसतो. दुसऱ्या श्रेणीकडे आणखी 1,000, पाऊण टक्क्याने. पैसा इथे देवघेवीत रुळलेला आहे, तो नुसता राजाच्या कोठारात पडून नाही.

आता टाकसाळीत या. नहपान हरला आहे आणि सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची माणसं त्याच्या चांदीच्या नाण्यांचे ढीग पुढे घेऊन बसली आहेत. वितळवायला वेळ नाही, गरजही नाही. कारागीर एक नाणं उचलतो. अवघं दोन-अडीच ग्रॅम वजन. वरच्या बाजूला नहपानाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. पण कोरणाऱ्याला ग्रीक येत नव्हतं, म्हणून अक्षरं घसरलेली, मोडलेली. मागे बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठीत राजाचं नाव. चांदीच्या या इवल्या चकतीवर तीन लिप्या! बॅक्ट्रियाच्या ग्रीकांची घडण भडोचच्या बाजारपेठेतून इथवर आली आहे. मिनँडर आणि अपोलोडोटस या ग्रीक राजांचे जुने द्रम्म भडोचला अजून चालतात, अशी नोंद ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-ग्रंथात आहे.

कारागीर ती चकती खालच्या ठशावर ठेवतो, वर दुसरा ठसा धरतो आणि हातोडा घालतो. एकच घाव. उचलून पाहा: एका बाजूला तीन कमानींची टेकडी, खाली नागमोडी रेघ, भोवती ‘गौतमीपुत्र श्री सातकर्णी’चं नाव प्राकृतात. दुसऱ्या बाजूला तीच चार वर्तुळांची खूण. पण घाव थोडा तिरका पडला, आणि टेकडीच्या आडून नहपानाचं नाक अजून दिसतंय, कडेला दोन ग्रीक अक्षरंही. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला 13,250 नाणी एकत्र सापडली तेव्हा त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर असा दुसरा ठसा होता. सत्ता कशी पालटली हे इतकं उघड सांगणारा दुसरा पुरावा मला माहीत नाही. तरीही हा हातोडा कोणत्या गावात पडला, ते नाण्यावर नाही.

नहपानाकडे एवढी चांदी आली कुठून? रोमन नाणी वितळवून, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. मग त्या चांदीच्या मागे आणखी शंभरेक वर्षं जा. गॉल देशात रोन आणि सोन नद्यांचा संगम, लुग्दुनम शहर, आजचं फ्रान्समधलं लिऑन. टाकसाळीवर शहर-सैन्याच्या तुकडीचा पहारा आहे. इथे रोमन सम्राट ऑगस्टसचा दिनार पाडला जातोय: मागच्या बाजूला त्याने मुलगे म्हणून दत्तक घेतलेले नातू गायस आणि लुसियस उभे, मध्ये ढाली आणि भाले. दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीत हा दिनार आणि त्यानंतरचा टायबेरियसचा, हे दोन प्रकार सगळ्यांत जास्त. भारताकडे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स जातात म्हणून रोमन लेखक प्लिनी कळवळला होता, तो पैसा याच घडणीतला.

आणि इथे थांबून नीट बघा. या दिनारावर ‘लुग्दुनम’ लिहिलेलं नाही. भूगोलकार स्ट्राबोने लिहून ठेवलं की रोमन अधिपती इथे सोन्याचांदीची नाणी पाडतात. मग कोणतं नाणं कुठे किती सापडलं, ठशांची घडण कशी, हे शेकडो नोंदींतून जुळवत अभ्यासकांनी त्याला त्याचं शहर मिळवून दिलं. मुक्या नाण्याला गाव मिळतं ते ठशांच्या घडणीतून आणि सापडण्याच्या जागेवरून. जागेची नोंद गेली की ते तिजोरीतला धातू होतं, मग त्याला बाजारात भाव कितीही येवो.

ही गोष्ट वऱ्हाडानेच एकदा दाखवून दिली आहे. 1939 मध्ये या. तेव्हाच्या अकोला, आताच्या वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला सुमारे 1,600 पोटीन नाण्यांचा साठा निघतो. तोच हत्ती, तीच चार वर्तुळं. नागपूरचे अभ्यासक वा. वि. मिराशी एकेक नाणं वाचत जातात. गौतमीपुत्र, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी ही नावं ओळखीची. पण मग कुंभ सातकर्णी येतो, कर्ण सातकर्णी येतो, शक सातकर्णी येतो. पुराणांच्या यादीत हे राजे नाहीतच. ही नाणी सुटी होऊन सराफाच्या मुशीत गेली असती तर ही तीन माणसं इतिहासात आलीच नसती. साठा एकत्र राहिला, गावाचं नाव टिकलं, म्हणून आपण म्हणू शकतो की उत्तरकालीन सातवाहनांचा हा पैसा वऱ्हाडात फिरत होता.

आता आजच्या तारखेला भोनला या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या देवतारे यांच्या चमूने 2002 नंतर काही हंगाम इथे खोदकाम केलं. स्तूप, कडीविहिरी, विटांचा कालवा उजेडात आले. जिगाव प्रकल्पाच्या पाण्याखाली ही जागा जाणार, ही टांगती तलवार आहे. सिंचन नको असं पूर्णाकाठचा कोणीही म्हणणार नाही. पण पाणी चढण्याआधी या पांढरीतली प्रत्येक वस्तू थरासह नोंदली गेली पाहिजे, असं मला कळकळीने वाटतं. पुन्हा संधी नाही.

आणि तुमच्या वखराच्या फासाला उद्या असं एखादं करडं नाणं लागलं तर? चिंच लावून घासू नका. अक्षरं निघून जातात. कुठल्या गटात, किती खोल, सोबत खापर होतं का विटा, ते लिहून ठेवा. मोबाइलमध्ये जागेचाच फोटो काढा. तहसीलला कळवा, 1878 च्या निखात निधी कायद्याने सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारकच आहे. शेगावच्या यात्रेत कुणी हत्तीचं नाणं पुढे केलं, तर किमतीच्या आधी एवढंच विचारा, “हे कुठी सापडलं, भाऊ?” गाव सांगता आलं नाही तर परत द्या.