खमिराचा पाव

खमिराचा पाव : बाजारी यीस्ट न घालता, पिठात मुळातच असणारी यीस्टे व लॅक्टिक अम्लजनक सूक्ष्मजंतू यांच्या साहाय्याने कणीक आंबवून भाजलेला गव्हाचा पाव. गव्हाचे पीठ व पाणी समभाग कालवून उबदार जागी ठेवतात. त्यातील काही भाग रोज काढून टाकून ताजे पीठ व पाणी घालत गेल्यास एक ते दोन आठवड्यांत जोमदार खमीर तयार होते. यीस्टपासून निघणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइड वायूमुळे कणीक फुगते, तर लॅक्टिक व ॲसिटिक अम्लांमुळे पावास आंबूस चव येते व तो अधिक दिवस टिकतो. थोडे खमीर दर वेळी राखून ठेवावयाचे असते. दह्याच्या विरजणाचे तत्त्व हेच होय. प्राचीन ईजिप्तमध्ये आंबविलेला पाव प्रचारात होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाबलेले यीस्ट कारखान्यांतून निघू लागेपर्यंत यूरोपातही पाव मुख्यत्वे खमिराने किंवा बिअरवरील फेसाने फुगवीत.

महाराष्ट्रातील ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ या धान्यांत वायू धरून ठेवणारे ग्लुटेन नसल्याने तेथे न आंबविलेली भाकरीच रूढ झाली. आंबविण्याची क्रिया मात्र मराठी स्वयंपाकास अपरिचित नव्हती. आंबोळी व जिलबी ही त्याची उदाहरणे होत. पावास दीर्घकाळ विरोध झाला तो आंबटपणामुळे नव्हे, तर तो कोणाच्या हातचा आणि कशाने फुगविलेला, या कारणांमुळे.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर तेथे पाव रुजला. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतील असून गोव्यातील भटारी ‘पोदेर’ व माडी काढणारा ‘रेंदेर’ ही नावेही त्याच भाषेतून आली आहेत. पोदेर कणकेत नारळाची ताजी माडी (सूर) घालीत. माडीत यीस्टे व अम्लजनक सूक्ष्मजंतू हे दोन्ही असल्याने हा पाव खमिराच्या पावाचा जवळचा आप्त ठरतो. परंतु माडी मादक आणि भटारी ख्रिस्ती, त्यामुळे पाव खाणे म्हणजे बाटणे असे सनातनी हिंदू समाज मानी. विहिरीत पाव टाकून गाव बाटविल्याच्या कथा वसई भागात सांगितल्या जात.

या निषेधाचा सुधारकांनी हेतुपुरस्सर उपयोग करून घेतला. मुंबईत १८४९ मध्ये स्थापन झालेल्या परमहंस सभेत दादोबा पांडुरंग तर्खडकर प्रभृती प्रमुख होते. ख्रिस्ती भटाऱ्याने भाजलेला पाव खाणे हा सभासदाच्या दीक्षेचाच भाग होता. जातिबंधन मोडल्याची ती कसोटी होती. तथापि सभेचे कार्य गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस जाऊन नावे उघड होण्याची भीती निर्माण झाली आणि सभा मोडली. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा व बिस्किटे पुढे करण्यात आली. त्या प्रसंगावरून ग्रामण्य माजले व पुढे लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले.

विसाव्या शतकात हा विरोध मावळला. त्यास सुधारकांइतकेच यंत्रही कारणीभूत झाले. कारखानी यीस्टमुळे माडीची गरज उरली नाही. लादी पाव हाताने तोडून खात. त्याऐवजी कापलेला व वेष्टनातील पाव आला. पाव कापण्याचे यंत्र ओटो रोवेडर याने बनविले आणि अशा पावाची विक्री १९२८ मध्ये अमेरिकेतील मिसूरी राज्यात प्रथम झाली. भारतात १९६५ मध्ये मॉडर्न बेकरीज ही सरकारी कंपनी स्थापन झाली (२००० मध्ये तिचे खाजगीकरण झाले). पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात पाळ्यांनी काम करणाऱ्या कामगारास वडा-पाव व मिसळ-पाव हे रोजचे खाणे झाले. पाव भाजणाऱ्याची जात विचारण्याचे कारण उरले नाही. पण त्याबरोबर मंद आंबवणही मागे पडले.

२०२० च्या टाळेबंदीत जगभर घरोघरी खमीर लावण्याची हौस पसरली. पुणे–पिंपरी-चिंचवडसारख्या शहरी भागांतही तिचे अनुकरण झाले. अशा पावाची कणीक सु. ८ ते २४ तास आंबवितात व सु. २३०° ते २५०° से. तापमानास भाजतात. पाव भट्टीतून काढल्यावर निदान तासभर कापीत नाहीत. तोपर्यंत आतील स्टार्च घट्ट होत असतो व वाफ निघत असते. घाई केल्यास गाभा चिकट होतो. कडक कवच चेपू नये म्हणून दातेरी सुरीने करवतीप्रमाणे काप काढतात. ज्या पदार्थाच्या एका घासासाठी दीड शतकापूर्वी पंक्तीतून उठविले जाण्याचे भय होते, तो आता मराठी घरात स्वतःच्या हातांनी भाजला जातो.