मागच्या सीटवर बसून बघ

मागच्या महिन्यात अंबाजोगाईला जाऊन आलो. मामांना गाडी घ्यायची होती. जुनी, पण "मोठी". घरात एक छोटी हॅचबॅक आहे, पण मामींच्या कमरेचं दुखणं वाढलंय आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी पुण्याच्या दवाखान्यात फेरी असते. एका बाजूने तीनशेच्या वर किलोमीटर. कुणीतरी बीडमधली एक गाडी सुचवली: जपानी कंपनीची लांबलचक पेट्रोल सेडान, २०१२ची, एकच मालक. नवी असताना वीस लाखांच्या पुढची, आता मागणी साडेतीन लाख. म्हणजे आजच्या नव्या लहान गाडीपेक्षाही कमी.

भाचा कॉम्प्युटरवाला, म्हणजे त्याला सगळ्या यंत्रांतलं कळतं असा आमच्या घरचा जुना गैरसमज आहे. तो टिकवण्यासाठी मी एक्सेल शीट करून नेली होती. घसारा, मायलेज, पार्टच्या किमती, पाच वर्षांचा खर्च, सगळं. मामांनी ती बघितलीसुद्धा नाही. गाडीपाशी गेले, मागचं दार उघडलं, आत बसले, पाय लांब केले आणि मला म्हणाले, "आरं, तू बी मागं बसून बघ. आकडे घरी बी बघता येतेत."

बोनेट नाही, किलोमीटर नाही, आधी मागची सीट! तेव्हा हसू आलं. नंतर वाटलं, या सवयीला इतिहास आहे. बीडमध्ये तर नक्कीच आहे.

बीड हा रस्त्याचा जिल्हा. परळी वैजनाथला रेल्वे जुनी, पण जिल्ह्याच्या गावाला, म्हणजे खुद्द बीडला, अहिल्यानगरहून प्रवासी गाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ला. मुद्दाम मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साधून. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला होता १९९५च्या सुमारास, म्हणजे मी शाळेत होतो तेव्हा. त्याआधीची सगळी ये-जा रस्त्यानेच. निजामाच्या रेल्वे खात्याने हैदराबाद संस्थानात १९३२ साली बस सुरू केल्या, मग आपली लाल एसटी आली, मग काळी-पिवळी जीप. आणि ज्याची ऐपत त्याची मोटार. मांजरसुंब्याचा घाट, धारूरचा घाट, मध्ये काळ्या मातीवरचे रस्ते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर हलतं. अशा रस्त्यावर "आरामदायी गाडी" या शब्दाला मुंबईपेक्षा वेगळा अर्थ येणारच.

आणि तो अर्थ बरीच वर्षं एकाच गाडीने ठरवला. अँबॅसिडर.

कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सने १९५८च्या सुमारास ही गाडी काढली. मूळ ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड. इंजिन १४८९ सीसी, पुढे सलग बाकासारखी सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, मागे पाट्यांचं सस्पेन्शन. कलेक्टरची तीच, आमदाराची तीच आणि लग्नात नवरदेवाची तीच. आता गंमत बघा. अँबॅसिडरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, साधारण २४६४ मिलिमीटर. आजच्या डिझायरचा २४५०. म्हणजे जवळजवळ सारखाच! मग ती "मोठी" का वाटायची? कारण तिच्यात माणूस खुर्चीवर बसतो तसा बसायचा. सीट उंच, छत उंच, दार रुंद. धोतर-पटका सांभाळत माणूस न वाकता आत जायचा आणि न कण्हता बाहेर यायचा. पाच माणसांची गाडी सात-आठ माणसं घेऊन परळीच्या वैजनाथाला जाऊन यायची आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही.

या गाडीची किंमत ठरवणं मात्र वेगळंच प्रकरण होतं. आपल्या पिढीला वाटतं की गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडली की किंमत उतरते. लायसन्स राजमध्ये उलटंही होत असे. १९५९च्या सरकारी आदेशाने नव्या मोटारींचं वाटप नियंत्रणात आणलं. नाव नोंदवा आणि वाट बघा, विशेषतः कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियरच्या फियाटसाठी तर वर्षानुवर्षं. किमतीवरही सरकारचा हात, आणि तो वाद १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला थेट सुप्रीम कोर्टात गेला. परिणाम असा की आज हातात मिळणारी वापरलेली गाडी कधीकधी कागदावरच्या नव्या गाडीपेक्षा महाग पडायची. जुन्या गाडीची किंमत म्हणजे लोखंडाची किंमत नव्हे, रांगेतल्या वर्षांची किंमत! परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या मोठ्या गाड्या विकायचं काम एसटीसीकडे होतं (स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन हो, आपली लाल डब्याची एसटी नव्हे). मुंबईतल्या बड्या लोकांच्या इंपाला वगैरे अनेकदा त्या वाटेने यायच्या. बीडच्या वाट्याला यायचे सरकारी खात्यांनी निर्लेखित केलेल्या अँबॅसिडरचे लिलाव. त्यातली पुष्कळ वाहनं पुढे मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवून आणखी पंधरा-वीस वर्षं पळायची. आवाज ट्रॅक्टरसारखा, पण पेट्रोलचा खर्च वाचला की आवाज सहन होतो.

तर अशी गाडी तपासायची कशी? इथे मिस्त्री येतो.

आमच्याबरोबर एक आला होता. सत्तरीकडे झुकलेला, उभी हयात अँबॅसिडर आणि जीप उघडण्यात गेलेली. बोनेट उघडून त्याने इंजिन चालू केलं, तेल भरायचं झाकण काढलं आणि वर तळहात धरला. धूर फेकतोय का, दाब येतोय का ते बघायला. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर तिथे फुसफुस जाणवते. मग खिशातून लोहचुंबक काढून दारांवरून फिरवलं. जिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे तिथे ते चिकटत नाही. टायरची झीज आतून जास्त की बाहेरून, स्टिअरिंगला मोकळा खेळ किती, गार इंजिन सुरू होताना निळा धूर येतो का पांढरा. एकही आकडा नाही, आणि माझ्या शीटपेक्षा जास्त माहिती.

अर्थशास्त्र वाचणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. जॉर्ज अकर्लॉफने १९७० साली वापरलेल्या गाड्यांच्या बाजारावर एक शोधनिबंध लिहिला, "द मार्केट फॉर लेमन्स". अमेरिकेत फसव्या, भंगार गाडीला लिंबू म्हणतात. मुद्दा असा: विकणाऱ्याला गाडीचं खरं माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला येत नाही, आणि बाजारात लिंबंच उरतात. तीन नियतकालिकांनी हा निबंध नाकारला होता. २००१ साली त्याच कामासाठी नोबेल मिळालं (आपला कोड रिव्ह्यूमध्ये रिजेक्ट झाला की हे आठवावं :)). पण मला भावलं ते वेगळंच. अकर्लॉफ १९६७-६८मध्ये वर्षभर दिल्लीत राहून गेला होता, आणि निबंधात भारत ठिकठिकाणी आहे. गावातला सावकार आहे, आणि बाजारातून आणलेल्या तांदळातले मुद्दाम मिसळलेले खडे निवडत बसणारी भारतीय गृहिणीसुद्धा आहे! म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या जुन्या गाड्यांच्या सिद्धांतात आपल्या आजीचं सूप आहे. मिस्त्रीचं चुंबक हे तेच सूप.

अँबॅसिडरला वारस म्हणून हिंदुस्तान मोटर्सने १९८४ साली कॉन्टेसा आणली. व्हॉक्सहॉलच्या जुन्या गाडीवर बेतलेली, हिंदी सिनेमातल्या व्हिलनची आवडती. बाहेरून राजेशाही, पण सुरुवातीला इंजिन अँबॅसिडरचंच. घाटात एसी लावला की बैलगाडी. पुढे इसुझूचं १८०० सीसी इंजिन आलं आणि ती खरी मोठी गाडी झाली, पण तोवर मारुती येऊन बसली होती. २००२मध्ये कॉन्टेसा बंद.

त्यानंतर आल्या परदेशी कंपन्यांच्या सेडान, आणि २००६च्या बजेटने त्यांचं नशीब फिरवलं. चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली, आणि कंपन्यांनी सेडानची शेपटी कापायला सुरुवात केली. त्यातून आखूड डिकीच्या गाड्यांचं पीक आलं. वर एसयूव्हीची हौस. मोठ्या सेडानला नवं गिऱ्हाईक उरलं नाही, आणि जुन्याला तर नाहीच. साडेतीन लाखांचं रहस्य हेच. गाडी वाईट म्हणून स्वस्त नाही, कुणाला नको म्हणून स्वस्त आहे. त्यात कागद: खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे ही गाडी २०२७ला पुन्हा पासिंगला जाणार. एप्रिल २०२२पासून नूतनीकरणाची फी पाच हजार झाली आहे. आणि पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, जे इतक्या जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना मानवेल याची खात्री नाही. त्यातलं बरंच इथेनॉल उसाचं, आणि ऊस तोडायला दरवर्षी लाखो माणसं बाहेर जातात ती याच जिल्ह्यातून... असो. तो वेगळा विषय, आणि हलका नाही.

एवढ्या सगळ्या इतिहासात, मामांच्या मागच्या सीटपासून अकर्लॉफपर्यंत, एक गोष्ट कुणीच तपासली नाही. मागच्या सीटवरच्या माणसाचं, गाडी आपटल्यावर काय होतं?

२४ मे २०१४ला उत्तरपाड्याचा कारखाना बंद पडला आणि अँबॅसिडर संपली. त्यानंतर दहा दिवसांनी, ३ जूनच्या पहाटे, गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेऊन आठवडाच झाला होता. ते सेडानच्या मागच्या सीटवर होते. चौकात दुसऱ्या गाडीने धडक दिली. बाहेरून बघता अपघात फार भीषण वाटत नव्हता, पण मुंडे वाचले नाहीत. बीड-परळीला त्या दिवशी काय झालं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन नंतर म्हणाले होते की मागे पट्टा लावला असता तर ते वाचू शकले असते. १४ ऑगस्ट २०२२ला बीडचेच विनायक मेटे रात्रभर प्रवास करून मुंबईला जाताना एक्सप्रेसवेवर गेले. तीन आठवड्यांनी, ४ सप्टेंबरला, पालघरजवळ सायरस मिस्त्री, महागड्या मर्सिडीजच्या मागच्या सीटवर, पट्ट्याविना.

मागे बसणाऱ्यालाही पट्टा सक्तीचा आहे, हा नियम मिस्त्रींच्या अपघाताच्या कितीतरी आधीपासून पुस्तकात होता. पण अँबॅसिडरने आपल्याला शिकवलं की मागची सीट म्हणजे दिवाणखाना. साहेब मागे, ड्रायव्हर पुढे. पट्टा बांधायचा तर ड्रायव्हरने, तोही चौकात पोलीस दिसला तर.

परत गाडीकडे येतो. मामींनाही बसवून बघितलं. सीट मऊ, पाय पसरायला जागा भरपूर, पण गाडी जमिनीलगत. बसताना धपकन आत गेल्या, उतरताना मामांनी हात दिला. "बसायला बरी हाय," त्या म्हणाल्या, "पण उतरताना दर वेळी कुणी तरी हात द्यावा लागंल." माझ्या शीटमध्ये हा रकाना नव्हता.

मग मी किल्ली फिरवून डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा बघितला. तो काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तोडलाय, विझलाच नाही तर बिघाड. हा लागला, विझला. ठीक. मागे जाऊन पट्टा ओढला, तो सरळ आला. अडकवायला गेलो तर खाली खटकाच नाही. महागडं लेदरचं कव्हर सगळ्यावरून ताणून शिवलेलं. विकणाऱ्याला विचारलं तर तो मनापासून चकित झाला. "मागं कोण लावतंय साहेब? बारा वर्षांत कुणी इचारलं नाही."

मिस्त्रीने काही न बोलता सीटची गादी उचलली. खाली शेंगांची टरफलं, दोन रुपयांचं नाणं, कुठल्याशा लग्नाची पत्रिका आणि तीन खटके. अजून कंपनीच्या प्लॅस्टिकमध्ये. त्याने कव्हरला ब्लेडने चिरा दिल्या, खटके वर ओढले आणि मामींना पुन्हा बसवून पट्टा लावला. खट् असा आवाज आला.

"कंबरेला आधार वाटतुय की," मामी म्हणाल्या.

मामांनी पावणेतीन सांगितले. तो तीनच्या खाली यायला तयार नाही, वर फाटलेल्या कव्हरचेही पैसे मागतोय. बोलणं चालू आहे.