कुस्कऱ्याची कुळकथा

रात्रीची उरलेली भाकरी किंवा पोळी सकाळी हाताने कुस्करून फोडणीला टाकली, की कुस्करा होतो. कुणी त्याला कुटके म्हणतं, कुणी मनोहरा, तर कुणी सरळ फोडणीची पोळी. छत्रपती संभाजीनगरात उस्मानपुऱ्यातल्या फ्लॅटपासून जुन्या शहरातल्या वाड्यांपर्यंत ही न्याहारी ओळखीची आहे; हॉटेलच्या पाटीवर मात्र ती क्वचितच दिसते.

तिचं मूळ ज्वारीत आहे. ज्वारी मुळात आफ्रिकेची. काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि दख्खनच्या काळ्या, कोरडवाहू जमिनीत पक्की रुजली. मराठवाड्यात सरपणाची टंचाई आणि दिवस उजाडताच शेत गाठायची घाई, म्हणून रात्रीच दोन भाकरी जास्त थापल्या जात. शिळी भाकरी ही चुकून उरलेली नसे, सकाळसाठी राखलेली असे. सोवळ्याच्या घरांत शिळ्याला मज्जाव होता, कष्टकऱ्यांच्या घरात तो परवडणारा नव्हता. शीतळा सप्तमीला तर चूल न पेटवता आदल्या दिवशीचंच खाण्याचा रिवाज आहे.

कुस्कऱ्याचा जुना अवतार बिनफोडणीचा असावा: भाकरी ताकात किंवा दुधात चुरायची आणि मीठ नाहीतर गूळ घालून खायची. आजच्या कुस्कऱ्याची चव ज्यांच्यावर उभी आहे ती मिरची आणि शेंगदाणे ही दोन्ही अमेरिका खंडातली. मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात किनाऱ्यावर उतरली, तेव्हा या चवीचा कुस्करा त्याआधीचा असूच शकत नाही. मोहरी, जिरं, हिंग, हळद आणि कढीपत्ता मात्र इथल्या स्वयंपाकात त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत.

करण्यातली खरी मेख पाण्यात आहे. भाकरी गार होते तशी पिठातल्या स्टार्चची घडण पुन्हा घट्ट होत जाते, म्हणून ती कडक लागते. ओलावा आणि उष्णता एकत्र मिळाली की ही घट्ट घडण सैल होते. म्हणून भाकरीचा बारीक चुरा न करता बोटाच्या पेराएवढे तुकडे ठेवायचे, त्यांवर पाण्याचा किंवा ताकाचा हबका मारून थोडा वेळ झाकायचे. मग तेलात मोहरी तडतडली की शेंगदाणे, मिरची आणि कांदा परतून, हळद टाकून तुकडे घालायचे आणि मंद आचेवर दणदणीत वाफ आणायची. मिक्सरमधून काढलेला कुस्करा रव्यासारखा होतो. त्याला हाताच्या कुस्कऱ्याची गोडी येत नाही. मराठवाड्याची सुशीला ही त्याची सख्खी बहीण. फोडणी तीच, फक्त भाकरीच्या जागी भिजवून पिळलेले मुरमुरे.

1972 च्या दुष्काळात रेशनवर परदेशी तांबडी मिलो ज्वारी आली आणि दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. अशा दिवसांत तुकडाही टाकून देणं शक्य नव्हतं. पुढे रेशनचा गहू घरोघर पोचला आणि 1976 मध्ये पैठणचं जायकवाडी धरण पूर्ण झाल्यावर कालव्याखाली गव्हाचं पीक वाढलं, तशी शहरी ताटात भाकरीची जागा पोळीने घेतली. कुस्कराही पोळीचा झाला, मऊ आणि लवकर होणारा.

या घराण्याची एक गोड शाखाही आहे. गरम पोळी तूप-गुळात चोळली की मलिदा होतो, आणि दर्ग्यांवर तो नैवेद्य म्हणून चढतो. 1948 पर्यंत छत्रपती संभाजीनगर निजामाच्या राज्यात होतं. त्या हैदराबादी वळणाने इथल्या लग्नांत ‘डबल का मीठा’ रुळला, तळलेला पाव पाकात आणि दुधात मुरवून केलेला.

भात या कुळातला सर्वांत नाजूक. फोडणीचा भात घरोघर होत असला, तरी शिजवलेला भात उबदार हवेत रात्रभर उघडा राहिला, तर बॅसिलस सेरियस हा जिवाणू त्यात वाढतो आणि त्याने सोडलेलं विष पुन्हा तापवूनही जात नाही. म्हणून भात उरला की तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवावा. भाकरी कोरडी असल्याने रात्र काढते, पण चिकट तार सुटली किंवा बुरशीचा ठिपका दिसला, तर तीही टाकून द्यावी.