वहीची भाषा व हिशेबाचे उत्तरदायित्व : कळंब परिसराच्या निमित्ताने

लहान व्यापाऱ्याचा हिशेब कोणासाठी लिहिला जातो, हा प्रश्न वरवर अर्थशास्त्राचा वाटतो; परंतु त्याचे उत्तर बव्हंशी वहीच्या भाषेत सापडते. कळंब हा जुन्या हैदराबाद संस्थानातील उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्याचा तालुका. पश्चिमेस बार्शीची इंग्रजी मुलखातील पेठ. १८९७ साली बार्शीस अरुंदमापी रेल्वे आली व पुढे ती लातूरपर्यंत गेली. त्यामुळे या टापूतील दुकानदारास घरी हाली शिक्का व बार्शीत कलदार अशा दोन नाण्यांत व्यवहार करावा लागे. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा त्यांचा प्रमाणभाव होय. सरकारदरबारी सन फसली; वहीपूजन मात्र दिवाळीतच.

वहीतील शब्दसंपत्ती दोन थरांची आहे. जमा, खर्च, बाकी, वसूल हे मूळचे अरबी शब्द फार्सीच्या द्वारे आले व रोकडीच्या नोंदीत रुळले. शिवकालीन राजव्यवहारकोशात लेखनवर्ग व पण्यवर्ग असे स्वतंत्र वर्ग योजिले गेले, तरी पेठेत हे शब्द टिकून राहिले. याउलट येणे, देणे, नावे, उधार, फेड हे शब्द देशी अथवा संस्कृतोद्भव आहेत. रोकडीची परिभाषा राज्यसत्तेकडून आली आणि ऋणको-धनकोचे नाते मात्र घरच्या भाषेत राहिले, असा निष्कर्ष काढण्यास हरकत नसावी.

तथापि भाषा घरची असली तरी लिपी मोडी होती आणि बहुसंख्य कुळे निरक्षर होती. आपल्या नावे काय मांडले आहे, हे कुळास वाचता येत नसे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे जो उठाव झाला, त्यात रोखे व खतपत्रे जाळण्यात आली, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्यास पावती व वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क दिला. हा कायदा प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांस लागू झाला. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या कुळास जो हक्क मिळाला, तो सीमेपलीकडील कळंबच्या कुळास या कायद्याने मिळणे शक्य नव्हते.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. पाठोपाठ मेट्रिक मापे रूढ झाली. मोजमापे पालटली, परंतु हिशेब कोणास द्यावयाचा, हा प्रश्न तसाच राहिला.

आज तो पर्यावरणाच्या संदर्भात नव्याने उभा आहे. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांस शाश्वतता-अहवाल सक्तीचा केला. युरोपात डिसेंबर २०२४ मध्ये लघुउद्योगांसाठी ऐच्छिक नमुना प्रसिद्ध झाला. कळंबचा आडत्या वा लहान कारखानदार सूचिबद्ध नाही. परंतु मोठा खरेदीदार त्याच्याकडे पाण्याचा व विजेचा तपशील मागू शकतो. तो तपशील केवळ वरच्या खरेदीदारासाठी, परक्या परिभाषेत भरला गेला, तर ज्या गावाच्या विहिरीचे पाणी वापरले त्या गावास तो मोडीइतकाच अगम्य राहील. १८७९ च्या कायद्याचा धडा हाच, की ज्याच्या नावे नोंद होते, त्यास ती वाचता आली पाहिजे. शाश्वततेच्या हिशेबासही हीच कसोटी लावणे इष्ट होय.