डावा कोपरा

वनस्पतींची जुनी छापील चित्रं कुठे मांडलेली दिसली की फुलाआधी कागदाचा खालचा कोपरा बघायची मला खोड आहे. डावीकडे मुंगीएवढ्या अक्षरांत एखादं नाव असतं आणि त्यापुढे ‘डेल.’. उजवीकडे दुसरं नाव, त्यापुढे ‘स्कल्प.’. दोन्ही लॅटिन क्रियापदांचे तुकडे. ‘डेलिनिआव्हिट’ म्हणजे रेखाटलं, ‘स्कल्पसिट’ म्हणजे कोरलं. पुढे शिळाप्रेस आला, कोरणं गेलं, आणि उजवीकडे ‘लिथ.’ दिसू लागलं. आपल्याकडे गणपत कृष्णाजींनी पंचांग छापलं ते याच शिळाप्रेसवर.

या तुकड्यांचं मूळ धुंडायचं तर 1542 सालचं बासेल गाठावं लागतं. लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याचा वनस्पतींवरचा जाडजूड ग्रंथ तिथे छापला गेला. त्यात पाचशेहून अधिक चित्रं आहेत, सगळी लाकडी ठोकळ्यांवरून उठवलेली. सुरुवातीला फुक्स स्वतः पायघोळ झग्यात उभा आहे, ते समजण्यासारखं आहे, ग्रंथ त्याचा. गंमत शेवटच्या पानावर आहे. तिथे तीन कारागीर बसवलेत. आल्ब्रेख्त मायर समोरच्या फुलदाणीतलं रोप बघून रेखाटतोय, हाइन्रिख फ्युलमाउरर ते रेखाटन ठोकळ्यावर उतरवतोय, आणि खाली फाइट रुडॉल्फ स्पेकल, ज्याने ते कोरलं. वरच्या दोघांना मथळा आहे ‘चित्रकार’, खालच्याला ‘स्कल्प्टर’. कोपऱ्यातल्या दोन नावांची विभागणी इथे चेहऱ्यांसकट हजर आहे.

मोठेपणा देताना फुक्सने लगामही हातात ठेवला होता. चित्रकारांना मनमानी करू दिली नाही, असं तो प्रस्तावनेत बजावतो. त्याच्या बारा वर्षं आधी हान्स वायडित्झ या चित्रकाराने ब्रुनफेल्सच्या वनस्पतींवरच्या ग्रंथासाठी चित्रं काढली होती. त्याने समोर आलेलं रोप जसं होतं तसंच काढलं: मोडका देठ, किडलेलं पान, सुकलेलं टोक. बघायला बहारदार, पण वैद्याच्या कामाला अडचणीचं, कारण कीड त्या एका रोपाला लागलेली असते, जातीला नव्हे. फुक्सला जात हवी होती. म्हणून मुळापासून शेंड्यापर्यंत अख्खं रोप, सावली जवळजवळ नाही, आणि मोकळा पांढरा कागद. पुढे अठराव्या शतकात लिनियसने पुंकेसर-स्त्रीकेसर मोजून वनस्पतींची वर्गवारी लावली, तेव्हा फूल उभं चिरून त्याचे सुटे भाग चित्रात मांडणं आलं. आजही कागदांत दाबून वाळवलेलं फूल चितारायचं तर ते आधी गरम पाण्यात मऊ करतात, भिंगाखाली सुईने एकेक पाकळी सोडवतात, आणि मग कुंचला हातात घेतात. अर्धा दिवस एका पुंकेसरात जातो.

हिंदुस्थानात चित्रकाराचं नाव सांगायची चाल साहेबांनी आणली असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. 1612 मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जी नवलाई नेली, तीत टर्की नावाचा पक्षी होता. उस्ताद मन्सूरने काढलेलं त्या पक्ष्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बादशहाने त्याला ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे आपल्या काळातला अद्वितीय, हा किताब दिला आणि आत्मचरित्रात त्याचं कौतुक केलं. कंपनीच्या राज्यात मात्र नाव राहणं त्या-त्या साहेबाच्या मर्जीवर आलं. कलकत्त्यात लेडी इम्पी यांनी 1777 ते 1782 या काळात तीनशेहून जास्त पशुपक्षी काढून घेतले. त्या चित्रांवर आधी बाईंच्या संग्रहाचा उल्लेख, मग पाटण्याच्या शेख झैनुद्दीनचं नाव. क्रम बघून हसू येतं, पण नाव आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी अडीच हजारांहून अधिक वनस्पतिचित्रं करून घेतली. त्यांचे चित्रकार मात्र बहुतेक निनावी.

मद्रासकडे रॉबर्ट वाइट हा स्कॉटिश डॉक्टर यात उजवा. 1838 ते 1853 या पंधरा वर्षांत त्याने दोन हजार एकशे एक चित्रांचा ग्रंथ काढला. त्याचे चित्रकार रुंगिया आणि त्यांच्यानंतर गोविंदू. ‘रुंगिया, डेल.’ ही अक्षरं त्या पानांवर बघताना मला तो बासेलचा शेवटचा कागद आठवतो. गोविंदूसाठी तर वाइटने ऑर्किडच्या एका नव्या प्रजातीला ‘गोविंदूइया’ नाव दिलं. पुढच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती ‘ट्रॉपिडिया’त विलीन केली.

आता आपल्या दारात येतो. पुण्याजवळ दापोडीला, इंग्रजी कागदांत ‘दापुरी’, मुंबई सरकारची बाग होती. अलेक्झांडर गिब्सन हा सर्जन 1838 पासून तिचा प्रमुख; सरकारी दवाखान्यांना औषधी वनस्पती पुरवणं हे बागेचं एक काम. 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला आणि त्याच वर्षापासून 1850 पर्यंत त्याने बागेतल्या वनस्पतींची दीडशेहून जास्त जलरंगचित्रं करून घेतली. पुढे त्याने डॅलझेलबरोबर ‘बॉम्बे फ्लोरा’ लिहिली, 1861 साली, पण चित्रांशिवाय. चित्रं एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात जाऊन पडली आणि हेन्री नोल्टी यांच्या पुस्तकातून बाहेर आली ती 2002 साली. ती काढणाऱ्याची नोंद एवढीच: पोर्तुगीज-भारतीय चित्रकार. तेव्हाच्या मुंबईत ‘पोर्तुगीज’ म्हटलं की गोव्याचा नाहीतर वसई-साष्टीकडचा ख्रिस्ती माणूस. तो कुठे शिकला, पगार काय मिळाला, दापोडीचा पावसाळा त्याने कुठल्या खोलीत कागद कोरडे ठेवत काढला, याचा मागमूस नाही.

डिसेंबर 2019 मध्ये लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये ‘फरगॉटन मास्टर्स’ हे प्रदर्शन भरलं. आतापर्यंत ‘कंपनी शैली’ या एका गाठोड्यात बांधलेली चित्रं तिथे झैनुद्दीन, भवानी दास, रुंगिया अशा नावांखाली भिंतीवर आली. दापोडीची चित्रं कधी तशी मांडायची झाली तर पाटीवर काय लिहायचं, हा प्रश्न मांडणाऱ्यांना पडेल. दापोडी म्हटलं की पुणेकराला आठवतो एसटीचा कारखाना. बागेचं नाव सांगितलं तर समोरचा विचारतो, कुठली बाग?